आर्मेनियन लढले नाहीत का? १९१५ च्या सशस्त्र प्रतिकाराविषयी

प्रश्न दोन भागांत आला आहे. पहिला भाग: ऑटोमन साम्राज्यात (आजचं तुर्कस्तान आणि भोवतालचा प्रदेश) पंधरा-वीस लाख ख्रिस्ती आर्मेनियन राहत होते; पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, सरकारनं त्यांची सामूहिक हद्दपारी आणि कत्तल सुरू केली, मग ते मुकाट्यानं मरणाच्या वाटेला कसे लागले? दुसरा भाग: वान शहरात तर त्यांनी बंदुका उचलल्या होत्या, मग हद्दपारी हा युद्धकाळातल्या बंडाचा बंदोबस्त होता, हे तुर्कस्तानचं म्हणणं अगदीच खोटं कसं? पश्चिम आशियाचा इतिहास शिकवताना हे दोन्ही प्रश्न मला वर्षानुवर्षं ऐकायला मिळाले आहेत, आणि पुष्कळदा एकाच माणसाकडून. पहिल्यात ते भित्रे ठरतात, दुसऱ्यात बंडखोर. माझं उत्तर आधीच सांगतो. ते लढले, पण मोजक्या ठिकाणी. ती ठिकाणं कोणती होती आणि लढाई नेमकी कोणत्या तारखेला पेटली, एवढं नीट पाहिलं तर दोन्ही प्रश्नांचं उत्तर मिळतं.

सुरुवात सैन्यभरतीपासून करावी लागते. १९०८ च्या घटनात्मक क्रांतीनंतर बिगर-मुस्लिमांनाही लष्करी सेवा लागू झाली होती. ऑगस्ट १९१४ मध्ये सरकारनं सर्वसाधारण भरती पुकारली तेव्हा गावागावातले धडधाकट आर्मेनियन पुरुष फौजेत गेले. ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांनी सूट मिळवण्याचा कर भरला, बाकीच्यांनी गणवेश चढवला. डिसेंबरच्या अखेरीस युद्धमंत्री एन्व्हर पाशा स्वतः तिसरी सेना घेऊन सारीकामिशला रशियनांवर चालून गेला आणि ती सेना बर्फात जवळजवळ नष्ट झाली. २५ फेब्रुवारी १९१५ ला त्याच्याच खात्यातून हुकूम सुटला की आर्मेनियन सैनिकांची हत्यारं काढून घ्यावीत. या सैनिकांना बांधकामाच्या आणि ओझी वाहण्याच्या तुकड्यांत टाकलं गेलं. हातात बंदुकीऐवजी कुदळ आली. पुढच्या काही महिन्यांत यांतल्या कितीतरी तुकड्या आडबाजूला नेऊन ठार मारण्यात आल्या.

म्हणजे मे-जूनमध्ये शिपाई हद्दपारीचा हुकूम घेऊन गावात आले, तेव्हा लढू शकणारा माणूस गावात बहुधा नव्हताच. म्हातारे, बायका, मुलं आणि एखादा धर्मगुरू, एवढेच उरले होते. "लढले का नाहीत" असं विचारणाऱ्यानं आधी हे लक्षात घ्यावं.

त्याच सुमारास गावोगावी शस्त्रं जमा करण्याची मोहीम निघाली. अमुक इतकी हत्यारं हजर करा, असा आकडाच वरून ठरून यायचा. घरात बंदूक नसली तर माणसाला बडवायचे, तळपायावर फटके मारायचे. मग लोक शेजारच्या तुर्क किंवा कुर्द ओळखीच्यांकडून बंदूक विकत घेऊन सरकारात जमा करत. अशा जमा झालेल्या हत्यारांचे ढीग रचून फोटो काढले गेले आणि ते बंडाच्या तयारीचा पुरावा म्हणून वापरले गेले. अमेरिकन मिशनऱ्यांच्या आणि वकिलातींच्या कागदपत्रांत हे वर्णन वेगवेगळ्या शहरांतून येतं. एकमेकांची भेटही न झालेली माणसं तीच गोष्ट सांगतात.

२४ एप्रिलच्या रात्री राजधानी इस्तंबूलमध्ये अडीचशेच्या आसपास लेखक, डॉक्टर, संपादक, शिक्षक, राजकीय कार्यकर्ते धरले गेले. त्यांतले बहुतेक परत आले नाहीत. संसद सदस्य क्रिकोर झोहराब यांचा गृहमंत्री तलात पाशाशी जवळचा परिचय होता. त्यांना नंतर अटक झाली आणि उर्फाच्या पुढे दियारबकिरच्या वाटेवर त्यांचा खून झाला. तरुण नाहीत, हत्यारं नाहीत आणि आता बोलणारी, सल्ला देणारी माणसंही नाहीत. २७ मे चा हद्दपारीचा कायदा आला तो या सगळ्यानंतर. त्यात शब्द 'दुसरीकडे वसवण्या'चे होते. घरातल्या सामानाच्या याद्या होत होत्या, त्यामुळे आपण परत येऊ असं लोकांना वाटलं.

शिवाय आठवण आड आली. १८९४ ते ९६ मध्ये सुलतान अब्दुल हमीदच्या राज्यात मोठे कत्लेआम झाले होते, १९०९ मध्ये अदानात झाला होता. ते वादळ दोन-चार दिवसांचं असायचं. दार लावून, चर्चमध्ये किंवा परदेशी मिशनच्या आवारात जीव मुठीत धरून बसलेली माणसं वाचायची. चर्चचे वडीलधारे १९१५ मध्ये संयम ठेवा असं सांगत होते, ते या अनुभवातून. या वेळी सरकार गाव न् गाव रिकामं करणार आहे, हे कल्पनेतही येण्यासारखं नव्हतं. अशा जुन्या अनुभवावर विसंबलेल्या माणसांना मी भित्रे म्हणू शकत नाही.

झेतूनचं उदाहरण तर मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. मराशच्या उत्तरेला डोंगरात असलेलं हे गाव लढवय्यांचं म्हणून प्रसिद्ध होतं. १८६२ मध्ये त्यांनी ऑटोमन फौज परतवली होती, १८९५-९६ च्या हिवाळ्यात पुन्हा वेढ्यात टिकून युरोपीय वाणिज्यदूतांच्या मध्यस्थीनं तह मिळवला होता. साम्राज्यात कुठे आर्मेनियन लढणार असतील तर ते झेतूनचे, असं कुणीही म्हटलं असतं. मार्च १९१५ मध्ये फौजेतून पळालेले काही तरुण जवळच्या मठात अडकले आणि तिथे चकमक झाली. पण गावानं त्यांना साथ दिली नाही. मोठ्या धर्मगुरूंचा आग्रह होता की सरकारला निमित्त देऊ नका, बाकीच्या किलिकियातल्या (भूमध्य समुद्राजवळच्या त्या भागातल्या) आर्मेनियनांवर संकट येईल. गावानं ऐकलं. ८ एप्रिलपासून त्याच गावाची हद्दपारी सुरू झाली. काहींना कोन्याच्या दलदलीच्या भागात, काहींना पुढे सीरियातल्या देर-एझ-झोरच्या वाळवंटाकडे पाठवलं. त्यांच्या घरांत बाल्कनमधून आलेले मुस्लिम निर्वासित वसवले आणि गावाचं नावही बदलून सुलेमानली केलं.

आज्ञा पाळणाऱ्यांचं काय झालं हे झेतूननं दाखवलं. ही तारीख लक्षात ठेवा: ८ एप्रिल. वानमध्ये पहिली गोळी सुटली ती २० एप्रिलला, म्हणजे बारा दिवसांनी.

आता वान. साम्राज्याच्या पूर्व टोकाला, इराण आणि रशियाच्या सीमेजवळ, मोठ्या सरोवराकाठचं शहर. खडकावरचा जुना किल्ला, त्याच्या पायथ्याशी तटबंदीचं जुनं शहर, आणि पूर्वेला आयगेस्तान नावाची बागांची, मातीच्या भिंतींची ऐसपैस वस्ती. आर्मेनियनांची संख्या इथे भरपूर होती. प्रांताचा गव्हर्नर जेव्देत बे हा एन्व्हरचा मेहुणा. त्यानं एप्रिलमध्ये चार हजार पुरुष श्रमतुकड्यांसाठी मागितले. त्यांचं पुढे काय होतं हे तोवर लोकांना कळू लागलं होतं. पुढाऱ्यांनी पाचशे माणसं देऊ, बाकीच्यांचा सूटकर भरू, असा तोडगा सुचवला. जेव्देतला तो मान्य नव्हता. १६ एप्रिलच्या सुमारास इशखान या टोपणनावानं ओळखला जाणारा दाश्नाक या आर्मेनियन राष्ट्रवादी पक्षाचा नेता सरकारी कामासाठी म्हणून शाताखकडे पाठवला गेला आणि वाटेतच मारला गेला. संसद सदस्य व्रामियान यांना बोलावून घेऊन अटक केली, पुढे त्यांनाही मारलं. १९ एप्रिलला सरोवराच्या उत्तरेकडच्या आर्जेशमध्ये पुरुष गोळा करून ठार केले गेले, आणि प्रांतातल्या खेड्यांवरही हल्ले सुरू झाले.

२० एप्रिलच्या सकाळी शहरात येऊ पाहणाऱ्या एका आर्मेनियन बाईला सैनिकांनी धरलं. मदतीला धावलेल्या दोन आर्मेनियन पुरुषांना त्यांनी गोळ्या घातल्या. हे जर्मन अनाथाश्रमासमोर घडलं आणि तिथल्या जर्मन मिशनऱ्यांनी ते पाहिलं. तिथून लढाई पेटली.

आयगेस्तानच्या बचावात जे केलं गेलं ते लष्करी दृष्टीनं बारकाईनं अभ्यासण्यासारखं आहे. लढवय्ये दीड हजारांच्या आसपास, पण चांगल्या रायफली फक्त तीनशे. बाकी पिस्तुलं आणि जुनाट हत्यारं. एक चौरस मैलाच्या भागात ऐंशीच्या आसपास ठाणी. घरांच्या भिंतींना भोकं पाडून, घराघरांतून ये-जा करण्याच्या वाटा काढून, मागे खंदक खणून केलेली. तोफगोळ्यानं एक भिंत पडली की रात्रीत मागे दुसरी उभी राहायची. कच्च्या विटांच्या जाड भिंतीत गोळे नुसते रुतून बसायचे. गोळ्या अपुऱ्या म्हणून वस्तीत काडतुसं बनवायचा कारखाना सुरू झाला, तिथे दिवसाला दोन हजारांपर्यंत काडतुसं निघत. दारूगोळा घरीच बनला, एक ओबडधोबड तोफही ओतली गेली. अराम मानुकियान हा राजकीय नेता, आणि लष्करी बाजू आर्मेनाक येकारियानकडे. एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष एका समितीत बसले. धान्यवाटप, दवाखाना, निर्वासितांची सोय, पोलीस, सगळ्यांची व्यवस्था लागली. लढणाऱ्यांना सूचना होत्या: दारू पिऊ नका, स्वच्छ राहा, खरी बातमी द्या, शत्रूच्या धर्माला शिव्या देऊ नका. तुर्क रहिवाशांसाठीही पत्रक काढलं होतं की आमचं भांडण एका जेव्देतशी आहे, शेजाऱ्यांशी नाही.

जेव्देतनं खेड्यांतून वाचलेली हजारो बायका-मुलं शहराकडे येऊ दिली. आत खाणारी तोंडं वाढली की वस्ती उपासमारीनं शरण येईल, हा हिशेब. त्याच्या तोफखान्याबरोबर राफाएल दे नोगालेस नावाचा एक व्हेनेझुएलाचा भाडोत्री अधिकारी होता. त्यानं नंतर लिहिलेल्या आठवणी म्हणजे वेढा घालणाऱ्या बाजूचा साक्षीदार. आतून बघणारे साक्षीदार अमेरिकन मिशनमधले डॉ. क्लॅरेन्स अशर आणि त्यांचे सहकारी. मेच्या मध्याला रशियन फौज आणि तिच्यापुढे आर्मेनियन स्वयंसेवक जवळ येऊ लागले तसा जेव्देत निघून गेला. १८-१९ मे ला वेढा सुटला. रशियनांनी अरामला गव्हर्नर नेमलं.

इथे एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. वेढा उठल्यावर आर्मेनियनांनी सूड उगवला. तुर्कांची घरं जाळली, मागे राहिलेल्या काही जणांना मारलं. हजाराच्या आसपास तुर्क बायका, मुलं आणि आजारी माणसांना अमेरिकन मिशननं आसरा दिला. त्यांच्यात टायफस पसरला आणि त्याच साथीत अशर यांची पत्नी एलिझाबेथ दगावली. हे सांगितलं म्हणून आधीच्या महिन्यातलं काही पुसलं जात नाही. पण ज्याला या विषयावर विश्वासानं बोलायचं आहे त्यानं हेही बोलावं.

आणि वानचा विजय टिकला नाही. जुलैच्या अखेरीस रशियन सेनेनं अचानक माघार घेतली. प्रांतातल्या लाखाहून अधिक आर्मेनियनांना घरदार टाकून त्यांच्यामागे कॉकेशसकडे पळावं लागलं. बेर्क्रीच्या खिंडीत त्यांच्यावर हल्ले झाले. पोहोचले ते एचमियाद्झिन आणि येरेव्हानच्या परिसरात साथीच्या रोगांनी पटापट मेले. तरी वानच्या प्रांतातून जितके जिवंत बाहेर पडले तितके शेजारच्या बित्लिस प्रांतातून पडले नाहीत, हेही तितकंच खरं.

बंडाच्या युक्तिवादाचं उत्तर इथेच देतो. हत्यारं काढून घेण्याचा हुकूम फेब्रुवारीतला, झेतूनची हद्दपारी एप्रिलच्या सुरुवातीची, वानची लढाई त्यानंतरची. कारण आधी आणि परिणाम नंतर यायला हवा. वाननं सरकारला निमित्त दिलं, दडपशाहीला वेग आला, असं काही इतिहासकार मानतात आणि त्यात तथ्य असू शकतं. पण निमित्तानं सगळं उलगडत नाही. अंकारा, बुर्सा, इझमित ही शहरं रशियन आघाडीपासून शेकडो मैल दूर. तिथे लढाई झाली नाही, तरी तिथले आर्मेनियनही रस्त्याला लावले गेले. अंकाऱ्याचे बरेच आर्मेनियन कॅथलिक होते, त्यांचा राष्ट्रवादी पक्षांशी फारसा संबंधही नव्हता. बंडाचा बंदोबस्त करणारं सरकार बंड झालेल्या जागी थांबतं. हे थांबलं नाही.

रशियाच्या बाजूनं लढलेल्या आर्मेनियन स्वयंसेवक तुकड्यांचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो. तुकड्या होत्या. आंद्रानिक, द्रो, हमाझास्प, केरी हे त्यांचे नायक. ऑटोमन संसदेचा माजी सदस्य गारेगिन पास्तर्माजियान त्यांना जाऊन मिळाला, आणि त्याचा वापर ऑटोमन प्रचारात भरपूर झाला. पण त्यांतले बहुसंख्य रशियाचेच प्रजाजन होते. १९१४ च्या उन्हाळ्यात एर्झुरुमला दाश्नाक पक्षाचं अधिवेशन भरलं असताना सत्ताधारी इत्तिहाद पक्षाची माणसं तिथे आली होती. रशियातल्या आर्मेनियनांना झारविरुद्ध उठवा, अशी त्यांची मागणी होती. पक्षानं सांगितलं, प्रत्येक देशातला आर्मेनियन आपापल्या देशाशी इमान राखील. यानंतर ऑटोमन आर्मेनियन भरतीला गेले, सारीकामिशला ऑटोमन झेंड्याखाली मेले. मूठभर माणसांच्या कृत्यासाठी मराशच्या आजीला वाळवंटात पाठवणं, याला कोणत्याही काळच्या युद्धनीतीत आधार नाही.

बाकीच्या ठिकाणांपैकी शाबिन-काराहिसारबद्दल फार कमी बोललं जातं. सिवास प्रांतातलं डोंगराळ गाव, आंद्रानिकचं जन्मगाव. जूनच्या मध्याला गावातली प्रमुख माणसं आधीच पकडली गेली होती आणि आजूबाजूच्या भागातून हद्दपारीच्या बातम्या येत होत्या. तेव्हा लोकांनी आपली वस्ती सोडून वरच्या जुन्या किल्ल्याचा आसरा घेतला. पाच हजारांच्या आसपास माणसं, त्यांत लढण्याजोगे थोडेच. पाण्याची टंचाई, अन्न संपत आलेलं, तोफांचा मारा. जवळपास चार आठवडे ते टिकले. शेवटी तरुणांनी रात्री खाली उतरून वेढा फोडायचा प्रयत्न केला, बहुतेक मारले गेले. मग किल्ला पडला. आतल्या पुरुषांना ठार केलं, बायका-मुलांना रस्त्याला लावलं. त्यांना मदत करणारं कुणी येणारच नव्हतं. रशियन आघाडी फार दूर होती, समुद्र डोंगरांपलीकडे. आपण मरणार हे ओळखूनच ते वर चढले होते, असंच मला वाचलेल्यांच्या साक्षी वाचताना वाटत आलं आहे.

बित्लिस प्रांतातल्या मूश आणि सासूनची गोष्ट वेगळ्या प्रकारे जीवघेणी आहे, कारण तिथे मदत हाताशी येऊन परत गेली. सासून हा लढाऊ डोंगरी भाग, १८९४ आणि १९०४ मध्ये तिथे उठाव झालेले. १९१५ मध्ये रूबेन तेर मिनासियान आणि वाहान पापाझियान तिथे होते. वानहून हटलेला जेव्देत आपली माणसं घेऊन सीर्त आणि बित्लिसकडे वळला. इराणमध्ये दिलमानला रशियनांकडून मार खाल्लेला एन्व्हरचा काका हलील बेही आपली फौज घेऊन त्याच भागात आला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मूशच्या मैदानातली गावं आणि शहर संपवलं गेलं. शहरात चार दिवस घराघरातून लढाई चालली. गावांत लोकांना गोठ्यांत कोंडून जाळल्याच्या साक्षी आहेत. पळालेले सासूनच्या डोंगरात चढले, आणि तिथे काडतुसांच्या आधी धान्य संपलं. रशियन सेना मानझिकर्टपर्यंत आली होती. ती मागे फिरली. ऑगस्टच्या सुरुवातीला अंदोक पर्वतावरचा शेवटचा बचाव कोसळला.

या हलीलचं नाव आपल्या इतिहासातही आहे, म्हणून थोडं आडवाटेला जातो. एप्रिल १९१६ मध्ये इराकमधल्या कूतला ब्रिटिश जनरल टाऊनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन शरण आली ती याच हलील पाशाला. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. हिंदी युद्धकैद्यांना मोसूलमार्गे चालवत रास-अल-ऐनकडे नेलं आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. रास-अल-ऐन ही आर्मेनियन निर्वासितांची एक मोठी छावणी होती, आणि त्याच वसंतात तिथल्या हजारोंची कत्तल झाली. आपल्याकडच्या खेड्यापाड्यातले जवान उपाशीपोटी त्या वाटेवरून गेले. कैद्यांपैकी एका बंगाली वैद्यकीय सेवकाच्या लेखनात त्या उजाड आर्मेनियन घरांचं आणि अवशेषांचं वर्णन आहे. मराठी घरांत अशा एखाद्या जवानाची पत्रं किंवा तोंडी आठवणी राहिल्या असतील तर त्या जपल्या जाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उर्फाला लढाई उशिरा झाली, आणि उशीर हाच तिथला कळीचा मुद्दा. हे शहर हद्दपारीच्या मार्गावर होतं. उन्हाळाभर उत्तरेकडून येणारे तांडे लोकांनी पाहिले. त्यांत पुरुष नव्हते, बायकांच्या अंगावर धड कपडे नव्हते. शहराजवळ श्रमतुकड्यांतल्या माणसांना मारलं गेलं. ऑगस्टमध्ये शहरातच कत्तल झाली. शिवाय १८९५ च्या डिसेंबरात इथल्या मुख्य चर्चमध्ये आसऱ्याला गेलेले सुमारे तीन हजार लोक जाळून मारले गेले होते, ते विसरणं शक्य नव्हतं. मकर्तिच योतनेघपेरियान या तरुणानं लपूनछपून हत्यारं जमवली, दगडी घरांच्या आपल्या वस्तीत मोर्चे बांधले. २९ सप्टेंबरला लढाई सुरू झाली. दगडी घरांपुढे स्थानिक शिपाई आणि जमाव हतबल ठरले, तेव्हा फाख्री पाशाच्या हाताखाली नियमित फौज आणि तोफा आल्या. तोफखान्याचं काम एबरहार्ड वोल्फस्केल या जर्मन अधिकाऱ्यानं पाहिलं. ऑक्टोबरमध्ये वस्ती पडली. मकर्तिच जखमी झाला होता, त्यानं शत्रूच्या हाती लागण्याआधी स्वतःचा जीव घेतला. पुरुष मारले गेले, बाकीचे वाळवंटाकडे. याकोब कून्झलर नावाचा स्विस परिचारक तिथल्या दवाखान्यात होता, त्यानं हे सगळं पाहिलं. त्यानं आणि त्याच्या पत्नीनं पुढे हजारो अनाथ मुलांना सांभाळलं आणि १९२२ मध्ये त्यांना तुर्कस्तानाबाहेर नेण्याचं काम केलं.

मुसा दाग सगळ्यांना ठाऊक असतो, तो १९३३ च्या एका जर्मन कादंबरीमुळे. तीत डोंगरावरच्या बचावाचा चाळीस दिवसांचा आकडा आहे, आर्मेनियन परंपरा त्रेपन्न दिवस मोजते. अंताक्याच्या जवळ, भूमध्य समुद्राला लागून असलेला हा डोंगर आणि त्याच्या उतारावरची सहा गावं: बितियास, हाजी हबिबली, योघुनोलुक, खदर बेग, वाकिफ, काबुसिये. रेशमाचे किडे पाळणारी, लाकडी कंगवे कोरणारी माणसं. ३० जुलैला हुकूम आला की आठवड्याभरात निघा.

इथे निर्णय कसा झाला ते पाहा. दिक्रान आंद्रेयासियान हा प्रोटेस्टंट पाद्री मूळचा योघुनोलुकचा, पण नेमणुकीवर झेतूनला होता. झेतून रिकामं होताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं, आणि मिशनऱ्यांच्या रदबदलीमुळे त्याला आपल्या गावी परतायची परवानगी मिळाली. म्हणून मुसा दागच्या लोकांना झेतूनची बातमी प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या तोंडून मिळाली. तरीही मतभेद झाले. बितियासचा पाद्री नोखुदियान आज्ञा पाळावी असं म्हणत होता आणि काही कुटुंबं त्याच्याबरोबर हद्दपारीला गेली. बाकीचे चार हजारांहून अधिक लोक शेळ्यामेंढ्या आणि धान्य घेऊन डोंगरावर चढले. एकशेवीसच्या आसपास बऱ्या बंदुका, बाकीची जुनी ठासणीची हत्यारं. मोव्हसेस देर कालुस्तियान आणि येसाई याघुबियान यांच्यासारखे माणसांना एकत्र बांधणारे नायक त्यांना मिळाले. पहिल्याच पावसात धान्य भिजलं, बरीच दारू निकामी झाली. तरी ऑगस्टमध्ये फौजेचे हल्ले त्यांनी परतवले. एकदा रात्री शत्रूच्या तळाला पाठीमागून घेरून त्याची दाणादाण उडवली. पण उपासमार जवळ येत होती. म्हणून समुद्राकडच्या कड्यावर दोन मोठी कापडं टांगली. एकावर तांबडा क्रॉस, दुसऱ्यावर इंग्रजीत मदतीची हाक. ५ सप्टेंबरला फ्रेंच युद्धनौका गिशेननं ती पाहिली, आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फ्रेंच जहाजांनी चार हजारांवर माणसं उचलून इजिप्तमध्ये पोर्ट सैदला नेली. बचावात कामी आलेले होते अठरा.

मग लढून उपयोग झाला का? ही ठिकाणं शेजारी शेजारी ठेवली की उत्तर कटू आहे. शौर्य सगळीकडे सारखंच होतं. वान आणि मुसा दागमधली माणसं जगली, कारण एका बाजूला रशियन सेना आली आणि दुसरीकडे फ्रेंच जहाजं. शाबिन-काराहिसार, उर्फा, सासून यांना असं दार मिळालं नाही. पण आज्ञा पाळलेल्या झेतूनलाही मिळालं नाही. म्हणून लढल्यामुळे मेले असं कुणी म्हटलं तर मी ते मान्य करत नाही.

शस्त्राविना झालेला विरोध मी इथे थोडक्यातच सांगतो, पण त्याशिवाय चित्र अपुरं राहील. देरसिमच्या अलेव्ही पंथाच्या कुर्दांनी हजारो आर्मेनियनांना डोंगरातून रशियन बाजूला पोहोचवलं. अलेप्पोचा आणि नंतर कोन्याचा गव्हर्नर जेलाल बे यानं हद्दपारीत अडथळे आणले आणि पद गमावलं. लिजेचा अधिकारी हुसेन नेसिमी यानं हुकूम पाळायला नकार दिला, त्याचा खून झाला.

वाचलेले पुन्हा लढले. मुसा दागचे बरेच तरुण फ्रेंचांच्या पूर्वेकडील सैन्यदलात भरती झाले आणि १९ सप्टेंबर १९१८ ला पॅलेस्टाईनमध्ये आराराच्या लढाईत उतरले. अराम मानुकियान येरेव्हानला पोहोचला. मे १९१८ मध्ये ऑटोमन सेना तिथवर आली तेव्हा त्यानं निर्वासितांनी भरलेल्या शहराचा बचाव उभा केला, आणि सारदारापात, बाश-अपारान, काराकिलिसा इथल्या लढायांनी ती सेना रोखली. जानेवारी १९१९ मध्ये तो टायफसनं गेला. मुसा दागचे लोक युद्धानंतर आपल्या गावांत परतले, पण १९३९ मध्ये तो जिल्हा तुर्कस्तानात गेला आणि बहुतेक जण लेबनॉनमध्ये अंजारला जाऊन वसले. सहापैकी वाकिफ हे एकच गाव आजही आर्मेनियन आहे.

स्वतः वाचायला सुरुवात करणार असाल तर दोन कामाच्या गोष्टी सांगतो. पहिली, दिनदर्शिका. त्या काळात ऑटोमन सरकारी कागद आणि आर्मेनियन, रशियन नोंदी जुन्या गणनेनं चालत, ती आपल्या आजच्या तारखेपेक्षा तेरा दिवस मागे. वानची लढाई ७ एप्रिलला सुरू झाली असं कुठे वाचलंत तर ती हीच २० एप्रिल. २४ एप्रिलची अटक ११ एप्रिल अशीही दिसेल. घटनाक्रमावरचे कितीतरी वाद फक्त या गोंधळातून जन्मतात, आणि या विषयात सगळा युक्तिवाद आधी काय घडलं यावर उभा आहे. दुसरी गोष्ट, जर्मन कागदपत्रं आधी वाचा. जर्मनी ऑटोमनांचा मित्रदेश होता, आर्मेनियनांची बाजू रंगवण्यात त्याच्या वाणिज्यदूतांना काही लाभ नव्हता. अलेप्पोचा जर्मन वाणिज्यदूत रोस्लर काय कळवत होता ते पाहा. उर्फासाठी वोल्फस्केलनं घरी लिहिलेली पत्रं आणि कून्झलरच्या नोंदी शेजारी ठेवून वाचा. एक जण तोफेमागून लिहितो, दुसरा दवाखान्यातून, आणि आठवडे तेच आहेत.